निळ्या धुराचा माग : जुन्या मोटारीचे एंजिन तेल का खाते?

मोटार जुनी झाली, की एखाद्या दिवशी तिच्या मागील नळीतून निळसर धूर दिसू लागतो. गाडीवाले म्हणतात, ‘एंजिन ऑइल खाऊ लागले.’ हा वाक्प्रचार मोठा समर्पक आहे. कारण पेट्रोलबरोबर वंगणाचे तेलही ज्वलनकोठीत शिरते आणि तेथे जळून नाहीसे होते. मात्र ते तेथे कोणत्या वाटेने गेले, हे धूर आपण होऊन सांगत नाही. आणि हा प्रश्न बहुधा कोणी विचारतही नाही. धूर दिसला, की एंजिन उतरवून सिलिंडर कोरून घ्यावेत, असा सल्ला मिळतो. ज्याची रोजची भाकरी त्या गाडीवर अवलंबून आहे अशा टॅक्सीवाल्याचे कित्येक दिवसांचे उत्पन्न त्यात बुडते, आणि दुरुस्तीचा खर्च येतो तो वेगळाच. एवढे करूनही धूर कायम राहिला, असे प्रसंग दुर्मिळ नाहीत. तेलाच्या वाटा एकाहून अधिक असतात आणि एक बुजविली तरी दुसरी उघडीच राहते, हे त्याचे कारण होय.

या प्रश्नाचा विचार करण्यास भारतीय रस्त्यांवरील एक परिचित एंजिन सोयीचे आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्स या कंपनीने १९५८ साली अँबॅसडर ही गाडी काढली. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात दीर्घकाळ तिला १,४८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, मूळ इंग्लंडात आखलेले चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन बसवीत. त्याच्या सिलिंडराचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८८.९ मिलिमीटर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे १,०८९ घन सेंटिमीटरांचे एंजिन आकाराने लहान असले, तरी तेही याच तऱ्हेचे होते: झडपा माथ्यावर, आणि त्यांना हालविणाऱ्या कांड्या बाजूने वर चढविलेल्या. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात निवृत्त झाली. ही एंजिने साधी, उघडून पाहण्याजोगी. कित्येक मिस्त्रींनी आपली विद्या त्यांच्यावरच कमावली.

एंजिनात तेलाचे स्थान तळाशी असते. ज्या पत्र्याच्या भांड्यात ते साठते त्याला गॅरेजमध्ये ‘चेंबर’ म्हणतात. तेथून पंप ते भुजादंडाच्या धारव्यांकडे आणि वर झडपांच्या दोलक भुजांकडे पोचवितो. सिलिंडराच्या भिंतींवर तेल उडते ते फिरत्या भुजादंडावरून. दट्ट्या म्हणजेच पिस्टन मिनिटाला हजारो वेळा त्या भिंतीवरून वरखाली सरकतो. तेव्हा धातूला धातू भिडू नये म्हणून भिंतीवर तेलाचा पातळसा थर असावाच लागतो. पण हा थर जरुरीपेक्षा जाड झाला, तर उरलेले तेल ज्वालेच्या तोंडी जाते. ते खरवडून पुन्हा चेंबरात पाठविण्याचे काम दट्ट्याच्या खोबणींत बसविलेल्या कड्या करतात. त्यांना रिंग म्हणतात. वरच्या रिंगा मुख्यतः वायूचा दाब अडवितात. तेल खरवडणारी रिंग त्यांच्या खाली असते, आणि खरवडलेले तेल खाली उतरावे म्हणून तिच्यात व तिच्या खोबणीत छिद्रे किंवा फटी ठेवलेल्या असतात. एके ठिकाणी चिरलेली, स्वतःच्या ताणानेच भिंतीला चिकटून राहणारी धातूची रिंग ही जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याची १८५० च्या दशकातील कल्पना. वाफेच्या एंजिनासाठी निघालेली ही युक्ती मोटारीने जशीच्या तशी उचलली.

याचा अर्थ असा, की थोडे तेल प्रत्येक एंजिन जाळतेच. कित्येक कारखानदार दर १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालवून घेण्याजोगा मानतात, काही तर त्याहूनही अधिक. हा आकडा मोठा वाटतो, परंतु हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते असे धरले, तर एका किलोमीटरला ३,००० फेरे होतात. चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट. म्हणजे किलोमीटरला ६,००० आणि हजार किलोमीटरला ६० लक्ष. अर्धा लिटर तेल एवढ्या स्फोटांत वाटले, तर तेलाचा एक थेंब सुमारे ६०० स्फोटांना पुरतो. थेंबाचा सहाशेवा भाग डोळ्यांना दिसणार नाही. पण हाच वाटा चौपट-पाचपट झाला, की मागून येणाऱ्या सायकलस्वाराला नाकावर रुमाल धरावा लागतो.

धुराचा रंग ही पहिली खूण. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक आणि हवा कमी. त्याचा दोष कार्बुरेटराकडे शोधावा. पांढरी, लवकर विरणारी वाफ थंडीच्या सकाळी प्रत्येक गाडीतून निघते. ती गाडी तापल्यावरही निघत राहिली आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले, तर पाणी सिलिंडरात उतरत आहे असे समजावे. तेलाचा धूर निळसर असतो, आणि बराच वेळ हवेत रेंगाळतो. त्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाशातील निळा भाग लाल भागापेक्षा अधिक विखुरतात, म्हणून तो निळा दिसतो. वाफेचे थेंब त्या मानाने मोठे. ते सर्वच रंग सारख्या प्रमाणात विखुरतात, म्हणून वाफ पांढरी.

आधी मोजणी

रोगाचे निदान करण्यापूर्वी रोग आहे की नाही ते ठरविले पाहिजे. तेल कमी होते याचा अर्थ ते जळतेच असा नाही; ते गळतही असेल. गाडी रात्री उभी करावयाच्या जागी जुन्या वर्तमानपत्राचे मोठे पान पसरून ठेवावे. सकाळी त्यावरील डाग काय ते सांगतील. अँबॅसडरच्या एंजिन-घराण्यातील जुन्या नमुन्यांत भुजादंडाच्या मागील टोकाला रबरी सील नसे. दंडावरची पेचदार खाच तेलाला मागे परतवीत असे. खाच आणि तिच्याभोवतीचे अंतर झिजले, की तेथून तेल पाझरते. अशा एंजिनाने तेल कमी केले, तर धुराइतकाच त्या खाचेचाही संशय घ्यावा.

गळती नाही असे ठरले, की गाडी सपाट जागी उभी करावी, एंजिन बंद करून तेल खाली उतरण्यास काही मिनिटे द्यावीत, आणि मापाच्या काडीवरील वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे. खुणेच्या वर मात्र भरू नये. चेंबरात जास्त तेल झाले, तर भुजादंड त्यात बुडून तेल घुसळतो, भिंतींवर नको इतके तेल उडते, आणि धडधाकट एंजिनही धूर सोडते. ‘ऑइल खाते’ म्हणून धास्तावलेल्या मालकाने खबरदारी म्हणून वर लिटरभर तेल ओतले व धूर अधिकच वाढला, ही गोष्ट यामुळेच घडते. यानंतर मीटरवरील आकडा वहीत टिपून १,००० किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच जागी, तशाच रीतीने, पातळी खुणेवर आणण्यास किती तेल लागले ते मोजावे. गावातल्या गावात थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीची येथे फसगत होते. एंजिन पुरते तापत नाही, म्हणून न जळलेले पेट्रोल तेलात मिसळते, आणि जळालेल्या तेलाची जागा भरून काडीवरची पातळी तशीच दाखविते. मग दूरच्या प्रवासात ते पेट्रोल उडून जाते आणि पातळी एकाएकी खाली जाते.

दोन वाटा, आणि एक आडवाट

तेल ज्वलनकोठीत खालून येते किंवा वरून. खालून येते ते झिजलेल्या अथवा अडकलेल्या रिंगांच्या कडेने. वरून येते ते झडपांच्या दांड्यांवरून. झडपेचा दांडा ज्या नळीत सरकतो तिला ‘गाइड’ म्हणतात. दोलक भुजांना वंगण देण्यासाठी माथ्यावर तेल सदैव शिंपडले जात असते. ते गाइडमधून खाली ओघळू नये म्हणून दांड्यावर एक लहानसे रबरी सील बसवितात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर लाकडासारखे कडक होते, त्याला चिरा जातात, आणि मग तेलाला मज्जाव राहात नाही. बोटाच्या पेराएवढ्या या वस्तूपायी संपूर्ण एंजिन उघडले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आत घेणाऱ्या झडपेकडून तेल अधिक ओढले जाते, याचे कारण निर्वातात आहे. एंजिन मंद चालत असता कार्बुरेटर जवळजवळ बंद असतो. दट्टे हवा ओढू पाहतात आणि ती पुरेशी मिळत नाही. आत घेणाऱ्या नळीतील दाब अशा वेळी वातावरणाच्या दाबापेक्षा पाऱ्याच्या ४५० ते ५०० मिलिमीटरांइतका कमी भरतो. खंडाळ्याचा घाट उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गिअरमध्येच गाडी खाली येऊ दिली, तर हा निर्वात आणखी वाढतो व झिजलेल्या गाइडमधून तेल आत खेचतो. उतार संपून पाय पुन्हा अॅक्सिलरेटरवर पडताच साचलेले ते तेल एकदम जळते आणि मागे निळा लोट उठतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी सुरू होताना एकच झुबका सोडला आणि मग ती स्वच्छ झाली, तरी बोट याच दिशेला दाखवावे. रात्रीतून काही थेंब दांड्यांवरून खाली उतरलेले असतात. याउलट घाट चढताना, एंजिनावर पूर्ण भार असताना, धूर सतत येत राहिला, तर संशय रिंगांवर जातो.

या खुणा उपयुक्त आहेत, पण त्यांना पुरावा मानू नये. तीव्र निर्वात रिंगांच्या कडेनेही तेल वर ओढू शकतो. तेव्हा नुसत्या धुराकडे पाहून निकाल देणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला, तरी त्याच्या निकालावर अपील करण्यास जागा राहते.

आडवाट श्वासनळीची. रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी स्फोटाचा थोडा वायू त्यांच्या कडेने खाली चेंबरात उतरतोच. त्याला बाहेर वाट हवी. जुन्या गाड्यांत एक उघडी नळी तो हवेत सोडून देई. १९६० च्या दशकाच्या आरंभापासून अमेरिकेत, आणि पुढे इतरत्र, तो वायू एका झडपेवाटे परत कार्बुरेटरकडे नेऊन जाळण्याची पद्धत आली. ही नळी किंवा झडप काजळीने तुंबली, तर आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडू पाहते. झडप उघडी अडकली, तर तेलाचे तुषार थेट आत ओढले जातात. नळी रॉकेलने धुऊन काढण्यास अर्धा तास पुरतो. म्हणून हा उपाय सर्वांच्या आधी करावा. सामान्यतः तो कोणालाच सुचत नाही.

दाबाची साक्ष

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कोलकात्यातील एका जुन्या अँबॅसडर टॅक्सीने हजार किलोमीटरला दोन लिटर तेल खाण्यास आरंभ केला आहे. सकाळी ती झुबका सोडते; हावडा पुलाच्या चढावरही थोडाबहुत धूर आहे. गळती नाही, श्वासनळी साफ केली आहे. चालकाला एंजिन उतरविण्याचा सल्ला मिळाला आहे.

प्रथम एंजिन चांगले तापवून चारही प्लग काढावेत. ज्या सिलिंडरात तेल येते त्याचा प्लग ओलसर, काळा, तेलकट असतो. तेल चारही ठिकाणी येते की एकाच, हे येथेच कळते. नंतर प्लगच्या भोकात दाबमापक बसवून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून, स्टार्टरने एंजिन फिरवावे आणि प्रत्येक सिलिंडराचे संपीडन वहीत लिहावे. बॅटरी पूर्ण भारलेली हवी, नाहीतर आकडे उगीच कमी येतात. समजा, मापक १२५, १२२, ९० आणि १२४ पौंड प्रति चौरस इंच असे दाखवितो. आकडे किती मोठे आहेत यापेक्षा ते एकमेकांशी किती जुळतात याला महत्त्व अधिक. तिसरा सिलिंडर मागे पडला आहे.

आता त्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चहाचे एक-दोन चमचे वंगण तेल सोडावे आणि मोजणी पुन्हा करावी. तेल रिंगांभोवती पसरून त्यांची फट तात्पुरती बुजविते. दाब ९० वरून ११५ वर गेला, तर रिंगा किंवा भिंत झिजली आहे. तो ९० वरच अडून राहिला, तर वायू झडपेच्या बैठकीतून अथवा माथ्याखालच्या पॅकिंगमधून निसटत आहे. अधिक खात्री हवी असेल, तर दट्ट्या माथ्याशी आणून सिलिंडरात दाबाची हवा सोडावी आणि कान द्यावा: कार्बुरेटरात फुसफुस ऐकू आली तर आत घेणारी झडप, सायलेन्सरमध्ये आली तर बाहेर सोडणारी, आणि तेल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा.

ही परीक्षा फार चांगली आहे. पण तिच्या मर्यादा ध्यानात न घेतल्यानेच पुष्कळ पैसा वाया जातो. संपीडन हे वरच्या रिंगांचे मोजमाप आहे. तेल खरवडणारी रिंग काजळीने खोबणीत घट्ट बसली, तिची छिद्रे बुजली, तरी दाब उत्तम येऊ शकतो आणि तेल मात्र वर जातच राहते. तसेच गाइड व सील यांचा संपीडनाशी संबंध नाही. झडप आपल्या बैठकीवर नीट बसली, की वर दांडा कितीही हालो, मापकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून चारही आकडे चांगले आले आणि धूर सकाळचा व उताराचा असला, तर आधी माथ्यावरचे झाकण काढावे. आपल्या उदाहरणातील टॅक्सीला दोन्ही दोष आहेत असे दिसते: सकाळचा झुबका सीलचा, आणि चढावरचा धूर तिसऱ्या सिलिंडराचा.

उपाय

सील बदलण्यासाठी एंजिनाचा माथा उतरवावाच लागतो असे नाही. झडपेची स्प्रिंग सोडविली, की झडप सिलिंडरात पडण्याची भीती असते, एवढीच अडचण. दाबाच्या हवेने ती वर धरून ठेवता येते. जेथे हवेचा पंप नाही तेथील मिस्त्री जाडसर स्वच्छ दोरी प्लगच्या भोकातून सिलिंडरात सारतात, तिचे एक टोक बाहेर ठेवतात, आणि दट्ट्या हलकेच वर आणतात. दोरीची गुंडाळी झडपेला खालून टेकू देते. या युक्तीपुढे महागड्या हत्याराचे काही चालत नाही. स्प्रिंग काढलेलीच असते, तेव्हा झडपेचा दांडा आडवा हालवून पाहावा. तो खुळखुळत असेल, तर गाइडही गेले. हलत्या दांड्यावर बसविलेले नवे सील काही महिन्यांतच फाटेल. अशा वेळी माथा उतरवून नवी गाइडे ठोकावी लागतात आणि मग बैठकाही पुन्हा कापाव्या लागतात, कारण झडपेचा मध्य थोडा सरकलेला असतो.

रिंगांचे काम मोठे. सिलिंडराची भिंत सर्वत्र सारखी झिजत नाही. दट्ट्या वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, उष्णता व दाब तेथेच सर्वांत जास्त, आणि तेलाचा थर तेथेच तुटतो. म्हणून झीज वरच्या रिंगेच्या मुक्कामी अधिक व खाली कमी. हवेच्या गाळणीतून धूळ आत गेली, तर हा भाग विशेष लवकर झिजतो. रस्त्यावरील धुळीत वाळूचे कण असतात आणि ते बिडाला सहज ओरखडतात. रिंग जेथपर्यंत पोचत नाही त्या अगदी माथ्याशी भिंत मूळ मापाचीच राहते, आणि तेथे नखाला लागेल अशी एक कडा तयार होते. ती कापून न काढता नवी रिंग घातली, तर रिंग त्या कडेवर आपटून मोडते.

भिंत कोरावी की नाही, हे मापकाने ठरवावे. झीज व लंबगोलपणा ०.२० ते ०.२५ मिलिमीटरच्या पुढे गेला, तर नव्या रिंगांचा उपयोग थोडाच काळ होतो. मग सिलिंडर कोरून मोठ्या मापाचे दट्टे घालावे लागतात. अँबॅसडरच्या या एंजिनासाठी असे दट्टे ०.०१० इंचाच्या टप्प्यांनी मिळत. झीज त्याहून कमी असेल, तर कोरण्याची गरज नाही. रिंगा बदलाव्यात आणि गुळगुळीत झालेल्या भिंतीवर होनिंगच्या दगडांनी एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा उठवाव्यात. त्या रेघांत तेल टिकते आणि नवी रिंग भिंतीशी मिळून येते. दट्ट्यावर चढविण्यापूर्वी प्रत्येक रिंग सिलिंडरात सरळ ठेवून तिच्या दोन टोकांमधील फट मोजावी. ७३ मिलिमीटर व्यासाला ती साधारण ०.२० ते ०.३३ मिलिमीटर असावी. फट अगदीच कमी ठेवली, तर तापून फुगलेली रिंग टोकाला टोक भिडून भिंतीत रुतते.

अडकलेल्या रिंगांवर याहून सौम्य उपाय करून पाहता येतो. प्लगच्या भोकांतून काजळी विरघळविणारे द्रव सोडून ते रात्रभर मुरू द्यावे. सकाळी प्लग बसविण्यापूर्वी एंजिन स्टार्टरने फिरवून उरलेला द्रव बाहेर टाकावा, चेंबरातले तेल बदलावे, आणि पुढे काही काळ चांगल्या प्रतीचे तेल थोड्या थोड्या अंतराने बदलीत राहावे. कधी गुण येतो, कधी येत नाही. तेल घट्ट करणाऱ्या बाटल्या बाजारात मिळतात. त्यांनी तेलाची श्यानता वाढते, काही काळ धूर कमी दिसतो, आणि थंड सकाळी वंगण धारव्यांपर्यंत उशिरा पोचते. गाडी विकणाऱ्याला त्यांचा उपयोग असेल, वापरणाऱ्याला नाही.

दुर्लक्ष करून चालत नाही, याला आता आणखी एक कारण आहे. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बसविणे आवश्यक झाले, आणि पुढे ते देशभर रूढ झाले. झीज रोखण्यासाठी वंगण तेलात जस्त व फॉस्फरस यांची संयुगे घातलेली असतात. तेल जळले, की फॉस्फरस परिवर्तकाच्या मौल्यवान धातूंवर बसतो आणि त्यांची क्रिया मंदावते. मग धूर नजरेला न दिसणारी गाडीसुद्धा प्रदूषण-तपासणीत अडकते, आणि परिवर्तकाची किंमत सीलच्या कित्येक पटींनी भरते.

आपल्या उदाहरणातील टॅक्सीचे काम झाले, तिसऱ्या सिलिंडराबरोबर इतरही रिंगा बदलल्या, आठही सील नवी बसविली, तरी पहिल्या दिवशी थोडा धूर येईल. नव्या रिंगा भिंतीशी जुळावयाच्या असतात. या काळात एंजिन उगीच मंद चालवीत उभे ठेवू नये आणि फार जोरातही पळवू नये. मध्यम भाराखाली वेग कमी-अधिक करीत राहिले, म्हणजे वायूचा दाब रिंगांना भिंतीवर रेटतो व त्या लवकर बसतात. सुमारे ५०० किलोमीटरनंतर धातूचा बारीक चुरा मिसळलेले पहिले तेल काढून टाकावे. नवे तेल वरच्या खुणेपर्यंत भरावे, गाडी त्याच सपाट जागी आणावी, आणि वहीतील जुन्या आकड्याखाली मीटरचा नवा आकडा लिहून पुढील १,००० किलोमीटरांची मोजणी सुरू करावी.